भरपाई म्हणजे कबुली नव्हे

'सरकार भरपाई देतं म्हणजे लस घातक असल्याची कबुलीच' हे पटलं नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकात घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीवरून कोर्टात इतके दावे पडले की कंपन्या उत्पादन सोडू लागल्या. म्हणून १९८६ साली वेगळा कायदा आला. प्रत्येक डोसवर, त्यातल्या दर आजारामागे ७५ सेंट कर बसतो. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एका डोसला सव्वादोन डॉलर. त्या निधीतून भरपाई मिळते, आणि कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही.

खांद्याचंच घ्या. सुई फार वर टोचली गेली की लस स्नायूऐवजी सांध्याजवळ जाते. मग हात वर करून केस विंचरणंही जमत नाही. अशी दुखापत २०१७ पासून तिथल्या भरपाईपात्र त्रासांच्या अधिकृत तक्त्यात आहे. दुखणं ४८ तासांत सुरू झालेलं हवं आणि त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकलेला हवा. इथे दोष लसीतल्या औषधाचा नाही, टोचण्याचा आहे, तरी भरपाई मिळते! दावा हरला तरी तो प्रामाणिक आणि सबळ आधाराचा असेल तर वकिलाची फी निधीतून मिळू शकते.

आपल्याकडे २०२२ मध्ये कोविड लसीनंतरच्या मृत्यूंच्या प्रकरणात केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात जावं. पोर गमावलेल्या आईबापांनी निष्काळजीपणाचा पुरावा कुठून आणायचा? मी लसीच्या बाजूचाच आहे, म्हणूनच हे मला फार लागतं. सगळ्यांच्या भल्यासाठी ज्याने दंड पुढे केला, त्याला त्रास झाला तर खर्चही सगळ्यांनी उचलायला हवा.