गवत एवढं महाग झालंय, घोडेवाल्यांनी यंदा काय सोय केलीय?

घोडेवाला_नेरळ
नमस्कार मंडळी. माथेरानला आमचे तीन घोडे आहेत, दोन पॅसेंजरला आणि एक सामानाला. गेल्या वर्षी ज्या पैशात सुक्या गवताची गाडी आली त्यात यंदा पाऊण गाडी पण येत नाहीये, आणि ही जानेवारीची गोष्ट, वखारी भरलेल्या असतात तेव्हाची, मे महिन्यात काय होणार देव जाणे. वर आमच्याकडे गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच, तिथून पुढे तबेल्यापर्यंत न्यायचं म्हणजे परत घोड्यावर नाहीतर माणसाकडून, त्याचे पैसे वेगळे. ई-रिक्षा आल्यापासून सोमवार ते गुरुवार गिऱ्हाईक तसंही कमी. एक जण म्हणतो भाताचा पेंढा चालू कर आणि कोंडा वाढव, दुसरा म्हणतो गाईचं गोळीखाद्य टाक स्वस्त पडतं. कोणी असं केलंय का? घोड्याला त्रास नको व्हायला एवढंच.

मालदांडी_बार्शी
भाऊ आमच्याकडं पण तीच बोंब आहे. कडबा म्हणाल तर ज्वारी पेरतंय कोण आता, सगळे सोयाबीन हरभऱ्यावर नाहीतर उसावर, काढणीला मजूर मिळत नाही म्हणून माझ्या चुलत्यानं पण दोन वर्षं झाली मालदांडी बंद केली. मग शेकड्याचा, म्हणजे शंभर पेंढ्यांचा भाव चढणारच. आमची एक काठेवाडी घोडी आहे, सारंगखेड्याच्या बाजारातनं आणलेली, ती कडब्याचा पाला खाते आणि जाड ताटं तशीच ठेवते, म्हणजे निम्मे पैसे पायाखाली. कुट्टी करून बघितली तर अधाशासारखी न चावता गिळायला लागली म्हणून आता दोन-तीन बोटं लांब तुकडे करतो आणि पाणी शिंपडून देतो, त्यानं धूळ पण बसते.

डोंगरी_गवत
मी विकणाऱ्या बाजूचा, मुरबाडकडे आमची वखार आहे, त्यामुळे शिव्या द्यायच्या आधी ऐका 😄 यंदा दिवाळीच्या टायमाला गवत कापून पडलेलं आणि वर पाऊस, जेवढं भिजलं तेवढं काळं पडलं. उरलेलं कापायला माणूस नाही, दिवाळी झाली की गडी जोडीनं वीटभट्टीवर जातात, तिकडे उचल मिळते, आम्ही काय देणार. माळ होते तिथे प्लॉटिंग झालंय, कंपाउंड मारलंय, जे उरलं त्यात वणवा लागतो. मुंबईच्या म्हशींच्या तबेल्यांना गाठी बांधून माल जातो तो रोखीनं आणि वर्षभर, घोडेवाले येतात दोन-चार गाड्यांना आणि ते पण उधारीवर, मग आधी कोणाला देणार सांगा.
एक सांगतो, भाऱ्यावर घेऊ नका, वजनावर घ्या. भारा काय, बांधणाऱ्याच्या हातावर असतो. आणि वजनावर घेताना गाठीच्या पोटात मनगटापर्यंत हात घाला, आत गरम किंवा दमट लागलं तर गाडी परत पाठवा, ओल्या गवताचं वजन तुम्ही पाणी म्हणून विकत घेताय आणि तेच पुढे पेटतं पण. काडी पिळून बघायची, कटकन तुटली पाहिजे.

पशुवैद्य_सातारा
गोळीखाद्याचं आधी बोलतो कारण ते जिवावरचं आहे. गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, गाईला ते चालतं, घोड्याच्या हृदयावर जातं आणि थोड्या मात्रेत पण घोडा मरतो. पोत्यावर लिहिलेलं नसेल तरी रिस्क घेऊ नका.
पेंढा थोडा मिसळला तर हरकत नाही पण नुसत्या पेंढ्यावर ठेवलं तर त्यात सत्त्व काही नाही आणि पाणी कमी प्यायला की आतड्यात गोळा बसतो. कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, महिनोन् महिने कोंड्याचा मारा केला तर हाडं ठिसूळ होतात, तोंडाची हाडं फुगलेले घोडे मी बघितलेत. उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) आणि हत्तीगवत हेही रोज पोटभर नको, त्यातल्या ऑक्झॅलेट नावाच्या क्षारामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. हिरवी ज्वारी तर घोड्याला नकोच.
बुरशीचं गवत म्हैस कदाचित पचवेल, घोडा नाही, त्याला ओकताच येत नाही. पोटशूळ उठला की रात्रीत डॉक्टर, सलाईन, नळी, त्यात गवताची अख्खी गाडी आली असती. गवत झटकल्यावर पांढरी धूळ उडाली तर ते घेऊच नका, साध्या धुळीचं असेल तर भिजवून द्या.

घोडेवाला_नेरळ
डॉक्टर, बरं झालं गोळीखाद्याचं सांगितलंत, पोतं आणणारच होतो. मग रोज किती गवत लागतं ह्याचा काही हिशोब आहे का? आम्ही आपले अंदाजानं टाकतो.

पशुवैद्य_सातारा
वजनाच्या दोन टक्के धरा. तुमचे घोडे तीनशे किलोच्या आसपासचे असतील तर सहा किलो सुकं, तिघांचं १८, महिन्याला जवळपास साडेपाच क्विंटल. ताणूनताणून दीड टक्क्यापर्यंत या, त्याखाली नको. एकदा काट्यावर तोलून बघा, बहुतेक ठिकाणी जमिनीवर टाकलेलं बरंच तुडवलं जातं. जाडसर दोरीची जाळी करून टांगा, रिकामी होऊन लोंबली तरी घोड्याच्या छातीखाली येणार नाही इतकी वर, फार खाली नको, पाय अडकतो.

मालदांडी_बार्शी
जाळीचं खरंय, आमच्या घोडीचा भुगा निम्म्यावर आला. फक्त खायला वेळ लागतो, पण रिकामी उभी राहून लाकूड कुरतडण्यापेक्षा बरं.

डोंगरी_गवत
नेरळवाले, चार-पाच जण मिळून एकत्र गाडी घ्या ना, रोखीनं. भाडं वाटून जाईल आणि माझ्यासारखा वखारवाला पण जरा खाली येईल. आणि ड्रायव्हरला माल फार उंच चढवू देऊ नका, लोंबत्या वायरला गवत लागून गाड्या पेटतात दरवर्षी.

घोडेवाला_नेरळ
आमच्या आळीत सहा जण आहेत, विचारतो, पण त्यातल्या दोघांचं आपसात बोलणं नाही 🙏 भाव मेसेजमध्ये टाका. डॉक्टर, लसूणघास मिळतेय खाली कर्जतला, ती किती चालेल?

पशुवैद्य_सातारा
हिरवी असेल तर घोड्यामागे तीन-चार किलो, वाळलेली असेल तर किलोभर, तेवढं सुकं गवत कमी करा. पण एकदम नको, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. कोंडा बंद करायची गरज नाही, लसूणघासेत कॅल्शियम आहे, मूठभर कोंडा खपून जातो.