धावपटू द्युती चंद केस जिंकली होती ना, मग परत टेस्ट का?

प्रश्न: २०१४ ला टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) जास्त म्हणून द्युतीला कॉमनवेल्थ टीममधून काढलं, ती लढली, २०१५ ला निकाल तिच्या बाजूने लागला, मग आता वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने (अ‍ॅथलेटिक्सची जागतिक संघटना) महिला गटात खेळण्यासाठी जीन टेस्ट का आणली?

उत्तर १: क्रीडा लवादाने तेव्हा महिलांसाठीचा टेस्टोस्टेरॉन मर्यादेचा नियम स्थगित केलेला, पुरावा अपुरा म्हणून. २०१८ चा नवा नियम ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच शर्यतींना होता, त्यात १०० मीटरवाली द्युती सुटली पण ८०० मीटरवाली दक्षिण आफ्रिकेची कॅस्टर सेमेन्या अडकली.

उत्तर २: बाकीच्या मुलींचं पण बघा ना, वयात येताना जास्त टेस्टोस्टेरॉनमुळे मिळालेली ताकद नंतर ते कमी करायच्या गोळ्या घेऊन पूर्ण जात नाही. एकदाच स्वॅब द्यायचाय, मला योग्य वाटतं.

उत्तर ३: टेस्ट करा पण गुप्तता पाळा! २००६ च्या दोहा एशियाडमधलं धावपटू शांती सौंदराजनचं सिल्व्हर लिंग चाचणीवरून काढलं आणि देशभर बोभाटा केला, तिने काय फसवलं होतं?