मास्कवाल्याचा पिक्चर आणि पाडव्याची सकाळ

ग्रुप: दांचीतले (सोसायटीतले) मराठी (निशी-कासाई, टोकियो)

बुधवार, २२ मार्च २०२३

प्रभाकरकाका (नेहाचे सासरे): सर्वांना गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा. शके १९४५ सुरू झाले. नववर्ष सुखाचे जावो. 🙏

नेहा: शुभेच्छा सगळ्यांना! रविवारच्या कार्यक्रमाचे घरटी ३००० येन. अजून सात घरांचे यायचेत. पेपेने (फोनवरून) पाठवलेत तरी चालेल. पोळ्यांची ऑर्डर आज द्यायची आहे, कृपया.

रश्मी: पाडव्याच्या शुभेच्छा. गुढी बाल्कनीच्या आतल्या बाजूलाच बांधा हं. जिचिकाईची (रहिवासी मंडळाची) चिठ्ठी परत आलीये.

सायली: मागच्या वर्षीचा तांब्या सापडला का?

रश्मी: कुणाच्या तरी सायकलच्या बास्केटमध्ये पडला तो पडलाच.

मृणाल: सणाच्या दिवशी लिहायचं नव्हतं, पण रात्रभर जागी आहे म्हणून लिहिते. काल सुट्टी होती म्हणून मंदारदादा पाच मुलांना किबाला पिक्चरला घेऊन गेले. मला सांगितलं होतं, ‘कामेन रायडर आहे, रविवारी सकाळी नऊला टीव्हीवर लागतो तोच.’ आरव रात्री दोन वाजता उठून बसला. दिवा लाव म्हणाला. हात उलटेपालटे करून बघत होता. म्हणे, ‘आई, माझे हात असेच राहतील ना?’ सात वर्षांचा आहे तो.

सायली: अरे बापरे

कौस्तुभ: आठ वाजता वर्ल्ड बेसबॉल क्लासिकची फायनल आहे, जपान-अमेरिका, कोण कोण बघतंय? मी ‘घरून काम’ टाकलंय 😄

मृणाल: कौस्तुभ, प्लीज.

शिरीष: पोस्टरवर पीजी-१२ स्पष्ट लिहिलेलं आहे.

मंदार: मृणाल, सॉरी. खरंच सॉरी. आरव काल थिएटरमध्ये एकदम गप्प होता, मला वाटलं रमलाय. पहिल्या मारामारीत एवढं रक्त असेल याची मलाही कल्पना नव्हती. मी अद्वैतचे डोळे झाकले, आरव पलीकडच्या खुर्चीवर होता.

मृणाल: म्हणजे तुमच्या मुलाचे झाकले.

मंदार: हात दोनच आहेत गं.

रश्मी: मंदार, तू थोडा वेळ फोन ठेव.

शिरीष: पीजी-१२ म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या सल्ल्याने. पालकांच्या. शेजाऱ्यांच्या नव्हे. अठरा वर्षं इथे काढली म्हणून सांगतोय, इथले लोक नियम वाचतात.

मंदार: शिरीषदादा, मान्य. एकदा सांगितलंत, कळलं.

प्रभाकरकाका: हा कोणता चित्रपट? आमच्या नातवाने काल दोन कार्डे आणली आहेत, ती उशीखाली ठेवून झोपला. त्यावर टोळासारखे तोंड असलेला इसम आहे.

नेहा: बाबा, तोच पिक्चर. ती कार्डं थिएटरवाले देतात, तिकिटासोबत.

मंदार: काका, टोळच आहे तो! शोतारो इशिनोमोरी म्हणून मोठे मांगाकार (जपानी चित्रकथाकार) होते, त्यांची कल्पना. टीव्हीवर ३ एप्रिल १९७१ ला सुरू झालं, ९८ भाग झाले, फेब्रुवारी ७३ पर्यंत चाललं. होंगो ताकेशी नावाचा हुशार विद्यार्थी, मोटरसायकलवेडा. शॉकर नावाची संघटना त्याला पळवते आणि शरीरात बदल करून अर्धा टोळ करते. मेंदूवर ताबा मिळवायच्या आत तो निसटतो. म्हणजे ज्यांच्याशी लढायचं त्यांनीच त्याला बनवलंय. आणि परत माणूस व्हायची सोय नाही. हा नवा पिक्चर हिदेआकी आन्नोचा, एव्हांगेलिऑन ही अ‍ॅनिमे मालिका काढणारा. ७१ साली तो स्वतः दहा वर्षांचा होता.

सायली: सरकारने १३ तारखेला मास्क ऐच्छिक केला आणि आठवड्यात आपण मास्कवाल्याचा पिक्चर बघायला गेलो. कामेन म्हणजे मास्कच. योगायोग बघा.

मृणाल: मंदारदादा, माहिती छान आहे. माझा प्रश्न वेगळा होता.

मंदार: हो हो, तिकडेच येतोय. टीव्हीवर आता जे रायडर लागतात ते रंगीबेरंगी, खेळण्यांची जाहिरातच असते अर्धी. आन्नो मुळाकडे गेलाय. मूळ मालिकेचे पहिले भाग बघ, अंधारे आहेत, भुताच्या गोष्टीसारखे. पहिल्याच भागात कोळी-माणूस, ओगोची धरणावर मारामारी. नव्यातही पहिला शत्रू कोळीच. फरक एवढाच की तेव्हा ठोसा बसला की माणूस नुसता उडून पडायचा. आता अंगात एवढी ताकद भरलेल्याचा ठोसा साध्या माणसाला बसला तर खरोखर काय होईल, ते दाखवलंय. म्हणून रक्त. आणि मग होंगो हातमोजा काढतो, स्वतःचा हात बघतो आणि हादरतो. तो सीन भारी आहे. आरवला नेमका तोच...

मृणाल: हो. नेमका तोच.

कौस्तुभ: अमेरिकेच्या टर्नरचा होमरन 😭 ०-१

शिरीष: ‘मूळ’ वगैरे ठीक. पोस्टरवर पीजी-१२ होतं.

कौस्तुभ: मुराकामीऽऽऽऽ!!! १-१

सायली: मी मीटिंगमध्ये आहे आणि आमचे बुचो-सान (साहेब) कॅमेरा बंद करून ओरडले. माइक चालू होता.

प्रभाकरकाका: शरीर बदलले तरी शक्ती कुठून येते त्याला? काही शास्त्रीय आधार?

मंदार: काका, जुन्यात पट्ट्यावर चक्र होतं. बाइक जोरात पळवली की वारा लागून ते फिरायचं, त्यातून ऊर्जा. पवनचक्कीच म्हणा. नव्यात आन्नोने त्याला नाव दिलंय ‘प्राण’. जपानीत ‘पुराना’ म्हणतात, पण शब्द आपलाच, सजीवांमधली जीवनशक्ती. तो आसपासचा प्राण ओढून घेतो.

प्रभाकरकाका: प्राण? आपला प्राण? प्राण, अपान, व्यान, उदान, समान मधला?

मंदार: त्यातला पहिला 😄

प्रभाकरकाका: वा! नातवाला आजच प्राणायाम शिकवतो. दोन महिने मागे लागलो होतो, ऐकत नव्हता.

नेहा: बाबा, तो आत्ता गॅलरीत उभा राहून हवा ओढतोय. जोरजोरात. १५०० चालणार नाहीत हं कुणाचे, ३००० आहेत. पाच घरं राहिली.

सायली: काका, शॉकरचंही ऐका. जुन्यात नुसते जग जिंकायला निघालेले. नव्यात फुलफॉर्म आहे: सस्टेनेबल हॅपिनेस ऑर्गनायझेशन विथ कॉम्प्युटेशनल नॉलेज एम्बेडेड रिमॉडेलिंग. सगळ्यात निराश माणसांना सुखी करायचं म्हणून एआयच्या सल्ल्याने हे सगळे उद्योग. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर जवळजवळ हेच लिहिलंय.

मंदार: तू बघितलास? कधी?

सायली: शनिवारी पहिल्याच दिवशी. एकटी. शांततेत. मुलांशिवाय.

रश्मी: 👏

मंदार: मग सांग ना, कसा वाटला?

सायली: अर्धा आवडला. नायिकेचं, रुरिकोचं काम करणारी मिनामी हामाबे मस्त. चेहऱ्यावर काही नाही, आणि तरी कळतं तिला काय वाटतंय ते. मारामारी काही ठिकाणी काहीच दिसत नाही एवढा अंधार. बोगद्यातली तर मी नुसती ऐकली. पण शेवटी होंगो जातो आणि दुसरा रायडर इचिमोंजी त्याचा मास्क घालतो, तिथे रडले.

कौस्तुभ: ताई!!!! मी शनिवारी जाणार होतो!!!

सायली: अय्यो. सॉरी. डिलीट करू?

कौस्तुभ: आता काय डिलीट करते.

मंदार: कौस्तुभ, इशिनोमोरींच्या मांगातही होंगो मरतोच आणि दुसरा पुढे नेतो. ५० वर्षांपूर्वीचा स्पॉयलर आहे तो.

कौस्तुभ: मी मांगा वाचलेला नाही!!

मंदार: टीव्हीवर मात्र वेगळंच झालं, तो किस्सा भारी आहे. होंगोचं काम करणारे हिरोशी फुजिओका. सुरुवातीला मास्क घालून मारामारीही स्वतःच करायचे. शूटिंगमध्ये बाइकवरून पडले, पाय मोडला. हिरोच दवाखान्यात! मग चौदाव्या भागात दुसरा रायडर आणला, इचिमोंजी हायातो, ताकेशी सासाकी. त्यांच्याकडे म्हणे बाइकचं लायसन्स नव्हतं. मग वाऱ्यावर रूप कसं बदलणार? म्हणून उभ्या उभ्या हात फिरवून ‘हेनशिन!’ (रूपांतर!) म्हणायचं ठरलं. आज पोरं करतात ती पोज त्या अपघातातून आली.

शिरीष: म्हणजे ताळेबंद नसला की नाटक वाढवायचं. गणपतीच्या हिशेबासारखं.

मंदार: दादा, गणपतीचा हिशेब मी ऑक्टोबरमध्ये याच ग्रुपवर टाकलाय. फाइल उघडली असतीत तर दिसला असता.

शिरीष: मी नाव घेतलेलं नाही.

मंदार: घ्या की.

रश्मी: आज सण आहे. दोघांनाही विनंती.

प्रभाकरकाका: गोड बोला असे संक्रांतीला म्हणतात, पाडव्याला आधी कडुलिंब असतो. इकडे मिळाला नाही वाटते, तोंडातच राहिलाय सगळ्यांच्या.

सायली: काका 🙏🙏🙏

कौस्तुभ: दार्विशला होमरन पडला. ३-२. ओहतानी बुलपेनमधून येतोय. कुणीही काही लिहू नका.

नेहा: चार घरं.

कौस्तुभ: नेहावहिनी!!!

कौस्तुभ: ट्राउटला स्ट्राइकआउट!!!!!! जिंकलोऽऽऽऽऽ!!!

सायली: शेवटच्या क्षणी हातातलं सगळं सोडून पळत येतो आणि शत्रूला एका फटक्यात संपवतो, तोही एरवी अमेरिकेतल्या लीगमध्ये स्वतःच्याच टीममधून खेळणाऱ्या ट्राउटला. कामेन रायडर ओहतानी. मास्क नाही एवढंच.

मृणाल: छान. अभिनंदन. आरवला शाळेत सोडून आले. वाटेत एकदाही हातमोजे काढले नाहीत त्याने. बाहेर सोळा-सतरा डिग्री आहे, साकुरा फुललाय, आणि हा लोकरीचे हातमोजे घालून.

मंदार: ...

मंदार: मृणाल, मी संध्याकाळी येऊ का? त्याच्याशी बोलतो. ते रक्त खोटं कसं करतात, मास्क कुठून उघडतो, सगळं सांगतो.

मृणाल: नको. तुम्ही इशिनोमोरींपासून सुरुवात कराल.

रश्मी: 😂 बरोबर.

शिरीष: पुढच्या वेळी कुठल्याही पिक्चरला नेताना पालकांची लेखी परवानगी घ्यावी. पीजी-१२ पोस्टरवर होतंच.

सायली: दादा, ही पाचवी वेळ.

शिरीष: चौथी.

मंदार: आम्ही लहानपणी दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ बघायचो. तोही याच तोएई स्टुडिओचा. शेवटी रोबोट शत्रूला मिठी मारून आकाशात जातो आणि फुटतो. मी आठवडाभर जेवलो नव्हतो. कुणी ग्रुपवर लिहिलं नाही.

मृणाल: तेव्हा ग्रुप नव्हता. आणि तुमच्या आईला विचारा, रात्री कोण जागलं.

(मंदार यांनी हा मेसेज डिलीट केला आहे.)

गुरुवार, २३ मार्च २०२३

प्रभाकरकाका: सुप्रभात. काल गुढी संध्याकाळी उतरवली. तांब्या सुरक्षित आहे.

नेहा: तीन घरं. पोळ्यांची ऑर्डर मी माझ्या हिमतीवर दिलीये.

मृणाल: एक सांगायचंय. काल संध्याकाळी आरव खाली सायकलींजवळ बसला होता, हातमोजे घालून. १०२ मधले ओजिसान (जपानी आजोबा) प्लास्टिकचा कचरा टाकायला आले होते. (हो शिरीषदादा, प्लास्टिकच्या कचऱ्याचाच दिवस होता.) त्यांनी विचारलं, थंडी वाजते का. याने सगळं सांगितलं, पिक्चर, रक्त, हात. मी गॅलरीतून ऐकत होते. आजोबा आत गेले आणि बिस्किटाचा गंजलेला डबा घेऊन आले. आत कार्डं. जुन्या रायडरची, ७१-७२ सालची. तेव्हा कॅल्बीच्या रायडर स्नॅक्सबरोबर मिळायची, वीस येनला पुडा. म्हणे सगळी पोरं कार्ड काढून खाऊ फेकून द्यायची, वर्तमानपत्रात आलं होतं. हेही गटारात ओतायचे. एकदा आईने बघितलं आणि कानाखाली मारली.

मंदार: हो! ते खूप गाजलं होतं तेव्हा!

रश्मी: मंदार, तिला बोलू दे.

मृणाल: आरवने विचारलं, ‘तुम्हाला भीती वाटली होती का?’ ते म्हणाले, कोळी-माणूस आला की मी आईच्या पाठीमागे जायचो आणि तिला विचारायचो, गेला का. मग याने विचारलं, ‘तुमचे हात बदलले?’ आजोबांनी उजवा हात पुढे केला. करंगळी वाकडी आहे, कायमची. म्हणाले, हो, हा बदलला. रायडर किक मारायला कुंपणावरून उडी टाकली होती. आरवने हातमोजा काढला आणि ते बोट सरळ होतं का ते ओढून बघितलं. मग दोघांनी पोज केली. दोन्ही हात उजवीकडे आडवे, वरून फिरवून डावीकडे. आजोबांचा खांदा वर जात नव्हता, आरवने धरून फिरवला.

सायली: मी ऑफिसात आहे. असं काही लिहू नका.

मृणाल: रात्री झोपला. दिवा चालूच ठेवायला लावला, पण झोपला.

मंदार: ती दुसऱ्या रायडरची पोज. काही नाही, एवढंच. ओजिसानना रविवारी बोलवू या का? पुरणपोळी खायला?

मृणाल: मी कालच बोलावलंय. मंदारदादा, तुम्ही त्यांच्या शेजारी बसा. बोला हवं तेवढं. मुलं दुसऱ्या टेबलावर.

मंदार: 🙏🙏

प्रभाकरकाका: वाकड्या करंगळीवर तिळाच्या तेलाने मालिश करावी. मी बघतो.

नेहा: म्हणजे एक ताट वाढलं. आता फक्त शिरीषदादांचे ३००० राहिलेत.

शिरीष: यादी तपासा. मी सोमवारी सकाळी ७:४० ला पाठवले आहेत. स्क्रीनशॉट टाकतो. मी अशा बाबतीत कधी मागे नसतो.

नेहा: दादा, ते मिळाले. त्यावर तुम्हीच लिहिलंय, ‘गणपती वर्गणी २०२२’.

(शिरीष यांनी हा मेसेज डिलीट केला आहे.)

मंदार: आता हिशेब पूर्ण झाला. फाइल सुधारून टाकतो.