मदत हवी आहे: ‘प्रोप्रायटरी कॉलनी’ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी आमच्या वाचन गटात पेनसिल्व्हेनियाच्या स्थापनेवर बोलायचंय आणि पहिल्याच वाक्यात अडकलेय: ‘प्रोप्रायटरी कॉलनी’, म्हणजे जिची जमीन आणि कारभार दोन्ही राजानं एखाद्या माणसाला देऊन टाकलेत अशी वसाहत. ‘स्वामित्वाधीन वसाहत’ असं लिहून मोठ्यानं वाचलं, तर नवरा म्हणाला, सोसायटीचा ठराव आहे का?

इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सकडे अॅडमिरल पेनचे १६,००० पौंड थकले होते. १६८१ मध्ये राजानं त्यापोटी त्याच्या मुलाला, विल्यम पेनला, डेलावेअर नदीपलीकडचा मुलूख वंशपरंपरेनं सनद करून दिला. बदल्यात दर १ जानेवारीला विंडसरच्या किल्ल्यात बीव्हरची दोन कातडी पोचवायची, आणि सोनं-चांदी सापडलं तर त्याचा पाचवा हिस्सा. (याच राजानं १६६८ मध्ये मुंबई वर्षाला १० पौंडांवर कंपनीला देऊन टाकली होती. गडी असल्या व्यवहारात मुरलेला!)

म्हणून आधी ‘जहागीर’ लिहिलं. पण जहागीरदार रयतेला कायदे करायला बसवतो होय? १६८२ च्या पेनच्या आराखड्यात कौन्सिल आणि असेंब्ली, दोन्ही निवडून यायची. फक्त कायदा मांडायचा कौन्सिलनं, असेंब्लीनं नुसतं हो-नाही म्हणायचं. यावरून कुरबुरी सुरू झाल्या. १६९२ मध्ये तर राजसत्तेनं कारभारच काढून घेतला, तो १६९४ ला परत दिला. शेवटी १७०१ च्या सनदेनं कायदे करणं असेंब्लीकडे आलं, कौन्सिल सल्ल्यापुरतं उरलं. जमीन मात्र पेनचीच. सुरुवातीच्या खरेदीदारांनी रोख पैसे मोजून घेतलेल्या जमिनीवरही १०० एकरांमागे वर्षाला १ शिलिंग द्यायचाच!

पुढे पेनच्या मुलांच्या काळात असेंब्ली म्हणे, तुमच्या जमिनीवरही कर लावू. ते ऐकेनात. हेच गाऱ्हाणं घेऊन १७५७ मध्ये असेंब्लीतर्फे बेंजामिन फ्रँकलिन लंडनला गेला. १७६४ मध्ये तर असेंब्लीनं राजालाच साकडं घातलं, यांच्याकडून कारभार घ्या आणि तुम्हीच बघा.

जमिनीची मालकी आणि राज्यकारभार, दोन्ही सामावणारा शब्द आहे का?

प्रतिसाद १
ताई, जहागीर नको. सरंजामही नको, तो चाकरीपोटी असतो आणि धनी काढून घेऊ शकतो. वतन त्यातल्या त्यात जवळचं: वंशपरंपरेचं, विकताही येतं. पण वतनदार गव्हर्नर नेमत नाही, पेन नेमायचा. वर त्याचे कायदे ५ वर्षांच्या आत प्रिव्ही कौन्सिलपुढे (राजाच्या सल्लागार मंडळापुढे) ठेवावे लागत. मी सरळ ‘मालकी वसाहत’ म्हणेन आणि ‘वतनासारखी’ एकदाच, समजावताना. शेवट १७७९ वर करा. पेनसिल्व्हेनियानं पेन कुटुंबाची न विकलेली बहुतेक जमीन खालसा केली, १,३०,००० पौंड भरपाई ठरवली. खासगी जमिनी त्यांच्याकडेच राहिल्या.

धागाकर्ती
‘खालसा’! डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद. मग १६९२ ला ‘जप्ती’ म्हणू ना? दोन वर्षांनी सुटली होती.