मदत हवी आहे: स्विचच्या डाव्या जॉयकॉनची स्टिक आपोआप सरकते, सोलापुरात काम होईल का?

नमस्कार मंडळी,

दिरानं दुबईहून आणलेला निन्टेन्डो स्विच आहे, व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र. त्याच्या डाव्या जॉयकॉनला, म्हणजे बाजूला लावायच्या कंट्रोलरला, ड्रिफ्ट आलाय. बोट न लावता मेनूतली निवड खाली खाली घसरत जाते आणि मारिओ कार्टमध्ये गाडी सारखी डाव्या कठड्याला भिडते. हरल्यावर सांगायला पोराला हक्काचं कारण मिळालंय, पण या वेळी ते खरं आहे.

सेटिंग्जमध्ये जाऊन कॅलिब्रेट केलं, म्हणजे स्टिकचा मध्य नव्यानं ठरवून दिला. स्टिक सोडल्यावर खूण मधोमध यायला हवी, ती येतच नाही. रबरी झालरीखाली आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून स्टिक गोल गोल फिरवली की थोडे दिवस बरं चालतं, मग येरे माझ्या मागल्या. आमचं घर अक्कलकोट रोडला, मागच्या शेडमध्ये टॉवेलचे लूम. कापसाचे तंतू कपाटातल्या ताटांवरसुद्धा बसतात, तेच आत गेलेत की काय?

नवी पेठेतल्या एका मोबाईलवाल्यानं हात जोडले, "व्हिडिओ गेमचं आम्ही करत नाही ताई." माल परदेशातला, वॉरंटीचा इथं उपयोग नाही. नवी जोडी घ्यावी की नुसती स्टिक बदलावी? आणि हॉल इफेक्ट म्हणतात त्या स्टिकनं खरंच फरक पडतो का?

जुळेसोलापूरकर:
ताई, नवी जोडी घेऊ नका. तीही त्याच पद्धतीची, आज ना उद्या तीच रड.

मूळ स्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर धातूचे बारीक काटे घासत फिरतात. पट्टी झिजली की स्टिक मध्ये असूनही चुकीचा सिग्नल जातो. तंतू-धुळीनं त्रास वाढतो, म्हणून साफ केल्यावर तात्पुरतं बरं वाटतं. झिजलेला कार्बन काही परत येत नाही. हॉल इफेक्टमध्ये चुंबक आणि सेन्सर असतो, मोजायला काही घासावं लागत नाही. म्हणून तीच घ्या. ऑनलाईन मिळते, गुलीकिट कंपनीची नावाजलेली आहे.

दुकानदाराला "व्हिडिओ गेम" म्हणूच नका. "रिबन (चपटी केबल) काढून पार्ट बदलायचाय, सोल्डरिंग नाही," असं सांगा. प्लेस्टेशन फाइव्हच्या कंट्रोलरची स्टिक बोर्डाला सोल्डर केलेली असते, तिथं खरा कस लागतो. जॉयकॉनमध्ये स्टिक दोन स्क्रू आणि एका रिबननं बसवलेली असते, बस्स. मोबाईलचा डिस्प्ले बदलणाऱ्याला हे काम किरकोळ आहे. मागचे चार स्क्रू मात्र तीन पाकळ्यांचे असतात, त्याचा स्क्रूड्रायव्हर बहुतेक स्टिकच्या किटमध्येच येतो, बघून मागवा. उघडल्यावर पहिल्यांदा बॅटरीची पिन काढायची. रिबन जिथं खोचलेली असते तिथली अडकवणारी छोटी पट्टी आधी उचलायची, मगच रिबन ओढायची. ती पट्टी तुटली तर काम वाढलं. शेवटी पुन्हा कॅलिब्रेट करायचं, नवी स्टिक त्याशिवाय सरळ वागत नाही.

साधं डब्ल्यूडी-४० कुणी मारायला सांगितलं तर मारू नका. त्याचा तेलकट थर राहतो आणि तंतू आणखी चिकटतात.

धागाकर्ती:
खूप आभार. किट दोन स्टिकचं दिसतंय. उजवी चांगली आहे, तीही लगे हात बदलून घेऊ का?

जुळेसोलापूरकर:
चालतेय तोवर हात लावू नका. दुसरी डब्यात ठेवा, लूमच्या बाजूच्या कपाटात नको!