नोकरी नाही म्हणून एम.बी.ए.?

भोसरीची ताई: माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी मेकॅनिकलमधून बी.ई. झाला. कॅम्पसला तीन कंपन्या आल्या, कुठेच निवड झाली नाही. चाकणला कंत्राटी कामावर जायला तो तयार नाही. म्हणतो, 7 लाखांचं कर्ज काढून एम.बी.ए. करतो. बाबा दोन वर्षांनी निवृत्त होतील. मला वाटतं, त्याला शिकायचं नाहीये, "सध्या काय करतोस?" विचारणाऱ्या नातेवाइकांना द्यायला उत्तर हवंय. काय करावं?

निगडीकर: ताई, नोकरीत असताना शिकायचं तर पगारावर पाणी सोडावं लागतं. त्याला आज पगारच नाही, मग शिकायला यापेक्षा चांगली वेळ कोणती? 2009च्या मंदीत मी हेच केलं. एम.टेक. होऊन बाहेर पडलो तोवर भरती सुरू झाली होती. घरी बसलो असतो तर खचलो असतो.

शास्त्री रोड: तेव्हा मंदी ओसरली, म्हणून जमलं. आता पदव्याच उदंड झाल्यात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024च्या अहवालानुसार 2022 साली देशातल्या पदवीधर तरुणांत बेरोजगारी 29.1 टक्के होती, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत 3.4. मी स्वतः एम.ए.ला प्रवेश घेतला तो वसतिगृहाच्या खोलीसाठी. दिवसभर अभ्यासिकेत एम.पी.एस.सी.ची पुस्तकं, तासाला क्वचितच. पदवी हाती आली, विषय आला नाही. माझ्या जागी एखादी खरंच शिकू पाहणारी मुलगी बसली असती, ही बोच अजून जात नाही.

निगडीकर: त्या 3.4 टक्क्यांचा अर्थ वेगळा आहे. गरिबाला रिकामं बसणं परवडत नाही, मिळेल ते काम तो करतो. त्यावरून शिक्षण वाया जातं असं कसं म्हणता? आणि तुमचं मन दुसरीकडे होतं, यात एम.ए.चा काय दोष?

बँकेतून निवृत्त: ताई, कर्जाचं नीट बघा. साडेसात लाखांपर्यंत तारण सहसा मागत नाहीत, पण वडील सहकर्जदार होतात. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता नसतो, व्याज मात्र पैसे उचलल्यापासून चढतं. म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा बाबांचा पगार थांबलेला असेल. आधी त्या कॉलेजातून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या चार मुलांना गाठा, हातात किती पगार पडतो ते विचारा.

भोसरीची ताई: काल त्याला हे सगळं मांडून दाखवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मार्केटिंग घ्यायचं की ऑपरेशन्स, अजून ठरलेलं नाही. रविवारी बाबांबरोबर बसणार आहोत.