अनुभव धागा : मोठेपणी चढवलेले इनलाइन स्केट्स आणि त्यांची निगा

आठचाकी
मुलांना स्केटिंगच्या क्लासला सोडायचं, तासभर कट्ट्यावर बसायचं, आणि एक दिवस आपणच आपल्या मापाचे स्केट्स घेऊन यायचे. पुण्यात असे पालक बरेच दिसतात, मीही त्यातलीच. शिकवायला सर असतात, पण घरी आणलेल्या स्केट्सचं पुढे काय करायचं हे कुणी सांगत नाही. सायकल पंक्चर झाली तर कोपऱ्यावर दुकान असतं, स्केट्सना तसा कुणी वाली नाही. म्हणून हा धागा. कसे शिकलात, कुठे चालवता, काय बिघडलं, काय दुरुस्त केलंत, सगळं लिहा. मुलांबद्दल लिहिलंत तरी चालेल. क्वाडवाल्यांनाही (दोन चाकं पुढे, दोन मागे) आमंत्रण आहे, फक्त "तुमची चाकं एका रांगेत का" हा विनोद जुना झाला.

माझ्यापासून सुरुवात करते. आपण पाय बाजूला ढकलत पुढे जातो, त्यामुळे चाकांची आतली कड आधी झिजते. समोरून बघितलं की चाक एका अंगाला उतरतं दिसतं. त्यात टी-स्टॉपने थांबायची सवय असेल, म्हणजे मागचा पाय आडवा घासत न्यायचा, तर त्या पायाची चाकं दुसऱ्याच्या कितीतरी आधी संपतात. उतार दिसू लागला की अदलाबदल करायची: पहिलं आणि तिसरं, दुसरं आणि चौथं, शिवाय डाव्या स्केटचं उजव्यावर. चाक न उलटता तसंच पलीकडे नेलं की झिजलेली कड आपोआप बाहेरच्या बाजूला जाते. वर्तमानपत्र पसरून काढलेल्या क्रमाने चाकं मांडून ठेवा. आमच्याकडे मांजर आहे, त्यामुळे मी दारही लावून घेते.

भिंगरी
ठाणे. चाळिशीनंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिकले, वॉचमनकाकांच्या देखरेखीखाली. हेल्मेट सगळे घेतात, पण मनगटाच्या गार्डवर पैसे वाचवतात. पडताना हात आपोआप पुढे जातो आणि सगळं वजन मनगटावर येतं. आतल्या प्लास्टिकच्या पट्टीमुळे तळवा घसरतो आणि हाड वाचतं. माझे गार्ड खरवडून पांढरे झालेत. मनगटं शाबूत आहेत, पोळ्या लाटते आहे.

दुसरं ब्रेकचं. टाचेला जो रबरी ब्रेक असतो, बहुतेक उजव्या पायाला, तो मुलांच्या क्लासमध्ये लगेच काढून टाकतात, कारण वळणावर पायावरून पाय टाकताना तो अडकतो. मुलांना ठीक आहे. आपण मोठ्यांनी तो ठेवावा, असं माझं ठाम मत. गुडघे वाकवायचे, ब्रेकचा पाय पुढे सरकवायचा, चवडा उचलायचा. गुडघे न वाकवता हे केलं की माणूस मागे बसतो, आणि मनगटाच्या गार्डचा मागच्या बाजूला काही उपयोग नसतो. बऱ्याच ब्रेकवर झिजेची खूण असते, ती गाठली की नवा घ्या. आतला स्क्रू जमिनीला लागेपर्यंत वाट बघू नका.

तेलवात
मी स्केटिंग करत नाही. नात करते, आणि तिची बेअरिंगं माझ्याकडे येतात. जन्मभर वर्कशॉपमध्ये काढल्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

स्केट्समध्ये साधारणपणे ६०८ नंबरचं बेअरिंग असतं: आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. प्रत्येक चाकात दोन, म्हणजे आठ चाकांना सोळा. हे काही स्केट्ससाठी वेगळं घडवलेलं नाही, छोट्या इलेक्ट्रिक मोटरींमध्येही त्याच मापाचं असतं. त्यामुळे स्केट्सच्या दुकानात मिळालं नाही तर बेअरिंगच्या दुकानात जा आणि "सहाशे आठ" म्हणा. मुंबईकरांनी नागदेवी स्ट्रीट गाठावा.

खोक्यावर एबेक ५, एबेक ७, एबेक ९ असं लिहिलेलं असतं आणि आकडा चढला की किंमत चढते. हा आकडा बेअरिंग किती काटेकोर मापात बनवलंय एवढंच सांगतो. पोलाद कसं आहे, गोळ्या किती टिकतील, बाजूने बसणारा दणका सोसेल का, यातलं काही त्यात येत नाही. आपल्या रस्त्यावरची धूळ एकदा आत गेली की पाच काय आणि नऊ काय. नातीच्या सरांशी यावरून माझा वाद झालाय. तो मिटलेला नाही.

आता साफसफाई. चाक हातात फिरवून खरखर ऐकू आली तर बेअरिंग काढा. रबरी झाकण असेल तर सुईच्या टोकाने अलगद निघतं, धातूचं असेल तर त्याला धरणारी बारीक कडी असते का ते पाहा. कडी नसेल तर ते दाबून बसवलेलं आहे, मागे लागू नका. उघडलेलं बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवून धुवायचं आणि पूर्ण वाळवायचं. झाकणांची रबरं त्यात बुडवायची नाहीत, साबणाच्या पाण्याने पुसली तरी पुरे. मग शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब. जास्त घातलंत तर बाहेर येऊन धूळ गोळा करेल. डब्ल्यूडी-४० मारून काम संपलं असं समजणारे भेटतात. त्याने आतलं ग्रीस धुऊन जातं आणि मागे टिकाऊ वंगण काही उरत नाही. फवारलात तर नंतर तेल घाला.

आणि मुलं हातात चाक गरगरवून "आजोबा, बघा किती वेळ फिरतं" म्हणतात ना, त्याला भुलू नका. ग्रीस भरलेलं नवं बेअरिंग हातात लवकर थांबतं, पण त्यावर माणसाचं वजन आलं की छान चालतं आणि धूळही बाहेर ठेवतं. कोरडं, तेल उडालेलं बेअरिंग मात्र हातात खूप फिरतं.

आठचाकी
तेलवात काका, दोन बेअरिंगांच्या मधे जी छोटी नळी असते ती बसवायलाच हवी का? आमच्या एका चाकातली हरवली आहे. मांजर, बहुतेक.

तेलवात
हवीच. ती स्पेसर. तिच्यामुळे दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या कड्यांमधलं अंतर कायम राहतं. ती नसताना ॲक्सल, म्हणजे चाकातून जाणारा स्क्रू, आवळलात तर बेअरिंगवर आडवा दाब येतो, चाक जड फिरतं आणि बेअरिंग लवकर जातं. मांजराला विचारा, नाहीतर नवी घ्या.

शाईपेन
रत्नागिरी. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने स्केट्स बंदच. ओल्या रस्त्यावर पॉलियुरेथेनची (एक प्रकारचं प्लास्टिक) चाकं सटकतात आणि पाणी बेअरिंगात गेलं की गंज ठरलेला. स्केट्स नुसते पिशवीत घालून कपाटात ठेवले तर गणपतीपर्यंत आतल्या लायनरवर, म्हणजे कवचातल्या मऊ बुटावर, बुरशी येते. मी लायनर आणि त्याखालचा तळवा वेगळे काढते, आत वर्तमानपत्राचे बोळे भरते, दर काही दिवसांनी बोळे बदलते. उन्हात टाकत नाही, सावलीत वाऱ्यावर. लायनरचा वास हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

एक वेगळं सांगायचंय. मामाने नव्वदच्या दशकात अमेरिकेहून आणलेले इनलाइन स्केट्स माळ्यावर जपून ठेवले होते, जवळपास न वापरलेले. गेल्या दिवाळीत काढले. दिसायला नवे. पायात घालून बकल आवळलं तर कवचाचा तुकडा हातात आला, चाकाचाही पापुद्रा सुटला. पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने आतून तुटत जातं, वापरा किंवा नका वापरू. कोकणात दमटपणाला तोटा नाही. तेव्हा जुने स्केट्स स्वस्तात मिळत असतील तर कवच हाताने वाकवून, चाकाला नख लावून बघा. मामाला आम्ही अजून सांगितलेलं नाही.

बर्लिनवाडी
मी इथे बर्लिनला येऊन शिकले, कारण इथे टेम्पलहोफ आहे. जुना विमानतळ, २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० मध्ये लोकांसाठी उघडला. धावपट्ट्या आहेत तशाच ठेवल्यात, सुमारे दोन-दोन किलोमीटरच्या, सपाट. नवशिक्याला यापेक्षा चांगली जागा नाही, वारा सोडून. एका दिशेला न ढकलता जाता येतं आणि आपण फार छान शिकलोय असा समज होतो. परत फिरलं की तो जातो.

जर्मनीत इनलाइनवाल्यांना कायद्याने पादचारी धरतात, त्यामुळे फुटपाथवर चालवायचं, तेही लोकांना सांभाळून. हिवाळ्यात घसरू नये म्हणून बर्लिनच्या फुटपाथवर बारीक खडी टाकतात आणि बर्फ गेल्यावरही ती काही आठवडे तशीच पडून असते. ऐंशी मिलिमीटरचं चाक त्या खड्यावर अडलं की शरीर पुढे जातं आणि पाय मागे राहतो. मार्चमध्ये मी उत्साह आवरते. सप्टेंबरच्या बर्लिन मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्याच शहरात इनलाइनची मॅरेथॉन असते. मी फुटपाथवरून टाळ्या वाजवते.

तिसरी मार्गिका
मुलगा स्पीड स्केटिंगला आहे, म्हणून मुलांच्या बाजूने लिहितो. २०२३ ला हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारताला ३००० मीटर रिलेत पुरुष आणि महिला दोन्ही गटांत कांस्य मिळालं. पुरुषांच्या संघात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही दोन आडनावं ऐकून आमच्या घरी जल्लोष झाला. त्याच शर्यतीत कोरियाच्या शेवटच्या स्केटरने रेषेआधी हात वर केले, तैवानच्या स्केटरने पाय पुढे सरकवला, आणि सुवर्ण ०.०१ सेकंदाने गेलं. आमच्याकडे आता अभ्यासापासून जेवणापर्यंत सगळीकडे हे उदाहरण वापरलं जातं. भारतीय संघातला आनंदकुमार वेलकुमार २०२५ मध्ये १००० मीटरचा विश्वविजेता झाला.

पण पालकांनो, हे बघून लगेच ११० मिलिमीटरची तीन चाकं घेऊन देऊ नका. पाय जमिनीपासून आणखी उंच जातो, घोटा अजून कच्चा असतो आणि स्पीडच्या बुटाला घोट्यावर आधार जवळजवळ नसतो. आधी चार चाकांवर एका पायावर सरळ जाता येऊ दे. आणि वाढत्या पायाला म्हणून दोन माप मोठे तर अजिबात नकोत, टाच आत हलली की चाक कुठे जाईल ते मुलाच्या हातात राहत नाही.

भिंगरी
पेव्हर ब्लॉकवर कुणी चालवतं का? आमच्या पार्किंगचा अर्धा भाग तोच आहे, दात वाजतात.

तिसरी मार्गिका
चाकावर ७८ए, ८२ए, ८५ए असं लिहिलेलं असतं, तो कडकपणा. आकडा कमी तेवढं चाक मऊ. पेव्हरवर ७८ए लावून बघा, दणके कमी होतील. झिजेल मात्र लवकर.

आठचाकी
आणि माझा एक स्क्रू निघतच नाहीये, अ‍ॅलन की (षटकोनी टोकाची किल्ली) आत गोल फिरते.

तेलवात
फिरवणं आधी थांबवा, नाहीतर उरलेले कोनही जातील. की झिजलेली असेल, बहुतेक ४ मिलिमीटरची असते, नवी चांगली आणून पूर्ण आत बसते का बघा. त्याआधी स्क्रूच्या खाचेतली माती टाचणीने काढा. मातीमुळे की अर्धीच आत जाते आणि लोक स्क्रूला दोष देतात. तरी नाही निघाला तर खाचेत रबर बँड धरून दाबून फिरवा. त्यानेही नाही तर माझ्याकडे पाठवा.